दोरीवरची भिंत

मळभ हटायचं नाव घेत नव्हतं. पाऊस नाही, ऊन नाही, आभाळ नुसतं तोंड फुगवून बसलेलं. दुसऱ्या कुणाला असं आभाळ चालत असेल, आमच्या घराला मात्र ते वैऱ्यासारखं. आमचं घर कपडे धुणाऱ्यांचं. मोठ्या दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे आमच्याकडे येतात. धुणं अंगात रग असली की होतं. वाळवणं आपल्या हातात नसतं.

सकाळी हे तीनचाकी गाडीवरून गठ्ठे आणत. मामंजी कपडे उकळायची भट्टी पेटवून ठेवत. सोड्याने आणि वयाने त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडलीत, त्यामुळे आपटणं-पिळणं त्यांना जमत नाही. पण भट्टीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. ओढ्याच्या दगडावर सासूबाई आणि हे आपटायचे. मी अभ्रे खळबळायची आणि मधूनमधून झाडाला बांधलेल्या झोळीकडे बघायची. झोळीत चिंगी. अजून मान धरायची होती तिची.

चादर पिळायला दोघं लागतात. एकाने या टोकाला उजवीकडे फिरवायचं, दुसऱ्याने त्या टोकाला डावीकडे, चादरीचा दोरखंड होऊन तिच्यातून शेवटचा थेंब निघेपर्यंत. लग्न झाल्यापासून ते दुसरं टोक माझं. चिंगी झाली आणि सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"पोटाला ताण द्यायचा नाही. माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नाही, अजून कंबर बोलते माझी."

"मग पिळणार कोण, आई?"

"पोराला आपटायचं काम आहे. खांब आहे की."

दगडाशेजारच्या खांबाला लोखंडी आकडा होता. त्यात चादरीचं एक टोक अडकवायचं आणि दुसरं एकटीने फिरवायचं. आकडा काही उलटा फिरत नाही, म्हणजे दोघींचं बळ एकटीने लावायचं. फिरवता फिरवता सासूबाईंच्या मानेची शीर टरारून यायची. मी उठू लागले की ओरडायच्या, "बस खाली! पोरीला पाज जा." पोरगी नुकतीच पिऊन झोपलेली असायची, ते त्यांनाही ठाऊक असायचं.

पिळलेले पिळे टोपलीत घालून वर माळावर न्यायचे. ओढा आणि मोठा रस्ता यांच्यामधला हा मोकळा माळ नगरपालिकेचा. तिथे कुणी काही बांधलं नाही म्हणून आमची पिढी न् पिढी तिथे वाळत घालते. वारा ओढ्याकडून चढतो आणि माळभर हुंदडतो. पण आमचे खांब कुजले होते, दोऱ्या गाठींवर गाठी पडून आखूड झाल्या होत्या. निम्म्या चादरी झुडपांवर टाकाव्या लागत. सासूबाई वॉर्डाच्या कचेरीवरून जाता-येता आत डोकावून म्हणायच्या, "साहेब, माळावर चार खांब तरी द्या की." कारकून मान वर न करता म्हणायचा, "बघू." त्या बाहेर येऊन मला सांगायच्या, "बघू म्हणालाय. नाही म्हणाला नाही."

त्या मळभात एक दिवस हे दवाखान्यातून भरली गाडी घेऊन परत आले. गाडी तशीच उभी करून पायरीवर बसले.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं.

"सिस्टरने चादर नाकाला लावली. सगळ्यांच्या समोर. म्हणाली, ओल मारतेय. पेशंटच्या अंगाखाली घालू का ही?"

मामंजी त्यांच्याजवळ पायरीवर टेकले.

"म्हणाली, परत असं झालं तर काम मशीनवाल्यांना देणार. ते रोज दारात येऊन उभे असतात म्हणे." यांनी हाताचे तळवे एकमेकांवर घासले. "खोटं नाही बोलली ती. ओल मारतच होती."

सासूबाई उठल्या, गाडीवरून गठ्ठा ओढला आणि एकेक चादर उघडून नाकाला लावू लागल्या. सगळ्या परत धुवायला टाकल्या. त्या दिवशी आम्ही घरात, ओसरीवर, दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायांना चादरी बांधल्या. घरात चालायचं म्हणजे वाकून चालायचं. चिंगीला मात्र मजा वाटत होती. वर हलणाऱ्या पांढऱ्या कापडाकडे बघत ती पाय झाडत होती.

सर्फ पार्कची बातमी आमच्या कानावर होती. रस्त्याकडेला जुनी खडीची खाण आहे, तिच्या तोंडाशी मोठा बोर्ड लागला होता. निळ्या लाटेवर फळीवरून घसरणारा एक उघडा माणूस. यंत्राने लाटा काढणार, लोक येऊन त्यावर खेळणार. मामंजी म्हणाले होते, "समुद्राला असं काय आडवं आलं, की तो आपल्या खाणीत राहायला येतोय?" बोर्ड खाणीवर होता, म्हणजे तलाव खाणीत होणार, असं आम्ही धरून चाललो. खड्डा आहे, त्यात पाणी भरतील. आमच्या माळाशी त्याचा काय संबंध?

मग ती सकाळ उजाडली. सासूबाई पहिली टोपली घेऊन वर गेल्या आणि टोपलीसकट धावत खाली आल्या. पदर एकीकडे, श्वास एकीकडे.

"अगं ये, बाहेर ये! दिले गं बाई, दिले!"

"काय दिलं?"

"खांब! दोरी! चल बघ तर!"

मी चिंगीला खांद्यावर टाकून वर गेले. खरंच. माळभर नवे कोरे बांबू रोवलेले, आणि एकाकडून दुसऱ्याकडे नवी दोरी ताणलेली. हात वर केला की बोटं पोचावीत इतक्या उंचीवर. दोरी दुपदरी, पीळ घातलेली. आमच्या कामाला अशीच लागते. दोन पदर बोटाने फाकवायचे, चादरीचा कोपरा मध्ये खुपसायचा, सोडून द्यायचं. पीळ स्वतःच चावून धरतो. चिमटे लागत नाहीत.

"ज्याने बांधली त्याला काम कळतं," सासूबाई दोरीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आणि मी त्या कारकुनाला मनात काय काय बोलले!"

मामंजी काठी टेकत आले. डोळ्यावर हात धरून त्यांनी दोरीवरून नजर फिरवली. "सरळ का नाही बांधली? गोल फिरलीय बघ. पार माळाला वळसा घालून परत आलीय."

"गोल असू दे नाहीतर चौकोनी. तुम्हाला फुकटातसुद्धा खोट दिसते!"

"खोट नाही काढत. नुसतं बोललो."

"नुसतं बोलण्यापेक्षा टोपल्या आणायला सांगा पोराला."

आणि त्याच दिवशी, जणू ठरवून, आभाळ उघडलं. आधी रस्त्यापलीकडे उजेडाचा एक तुकडा पडला, मग तो सरकत माळावर आला. मागोमाग वारा. आम्ही घरातलं, ओसरीवरचं, खाटेखालचं सगळं ओलं उपसून वर आणलं. सासूबाई सोड्याच्या रिकाम्या डब्यावर उभ्या राहून कोपरे खुपसत होत्या, हे खालून चादर उचलून देत होते, मी अभ्र्यांच्या मागे. चादरीला चादर लावत सगळा वळसा भरला. अशी भरलेली दोरी मी या घरात आल्यापासून पाहिली नव्हती. चिंगीची झोळी वळशाच्या आत आलेल्या झाडाला बांधली. सासूबाई डब्यावरून उतरल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "उद्या जाऊन त्या कारकुनाच्या पाया पडते," म्हणाल्या.

उद्याची गरज पडली नाही. दुपारी रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या. चारपाच माणसं उतरली आणि उतरल्या जागीच उभी राहिली. सगळ्यांत पुढे एक बाई होत्या, साधा सुती पोशाख, पायात चालायचे बूट. त्यांच्या शेजारी गॉगल लावलेला माणूस हातवारे करून काही सांगत होता.

"आले बघ," सासूबाई म्हणाल्या. "बांधून दिलं ते नीट वापरतात का, बघायला आले असणार." त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि निघाल्या. मी मागे.

त्या सरळ बाईंसमोर जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "फार उपकार झाले बघा. दोरी अगदी आमच्या कामाची दिलीत. या मळभाने जीव नकोसा केला होता. लेकराबाळांसकट सगळं घर तुमचं नाव घेईल."

बाईंना काही कळेना. गॉगलवाल्याला कळलं. तो मोठ्याने हसला.

"मावशी, ही दोरी कपड्यांसाठी नाही! हा तलाव आहे, तलाव. लाटांचा. दोरी म्हणजे त्याची भिंत, तेवढ्याच उंचीची. आज नगरपालिकेच्या मॅडम जागेची पाहणी करायला येणार, म्हणून आमच्या कंपनीने खूण बांधली. आणि तुम्ही त्यावर..." त्याला हसू आवरेना. बरोबरचे दोघंही हसले.

सासूबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. ते खाली कसे आणावेत, हे त्यांना सुचत नव्हतं. मग त्या एकदम वळल्या.

"चूक झाली. काढते. आत्ता काढते." आणि भराभर जवळच्या चादरी उपटू लागल्या. ओल्या, जड चादरी त्यांच्या खांद्यावर पडत होत्या, एक मातीत पडली. मीही धावले. चादरी गोळा करता करता मला उमगलं. तलाव खाणीत नाही, इथे. हा सगळा माळ.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मावशी, काढू नका. राहू द्या जरा."

त्या गॉगलवाल्याकडे वळल्या. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? भिंत कुठून कुठवर येणार ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

"दिसतंय की, मॅडम. दोरी आहे ना."

"नुसती दोरी मला गाडीतून दिसली असती?"

त्याने गॉगल नीट बसवला. बाई पुढे आल्या. चादरींच्या कडेकडेने चालू लागल्या. आम्ही सगळे मागे. वारा जोरात होता, चादरी फडफडत होत्या, आणि त्यांतल्या एका ओल्या चादरीने गॉगलवाल्याला असा काही तडाखा दिला की गॉगल उडून गवतात पडला. सासूबाईंनीच तो उचलून, पदराने पुसून त्याला दिला.

बाईंनी एक चादर बाजूला केली आणि आत शिरल्या. आत वारा नव्हता. बाहेर फडफड आणि आत गप्प, कोंदट. त्या चहूकडे वळून बघत राहिल्या. ओढा दिसत नव्हता. आमची घरं दिसत नव्हती. नुसतं पांढरं.

"ही एवढी उंच?" बरोबरचा पिकल्या केसांचा माणूस म्हणाला. "नकाशात ही अशी वाटली नव्हती."

तेवढ्यात ओढ्याकडच्या वस्तीतली शाळा सुटलेली मुलं रोजच्यासारखी माळावरून घरी निघाली. समोर भिंत आली म्हणून ती काही थांबली नाहीत. एका बाजूने चादरी वर करून आत आली आणि आमच्यामधून, साहेबलोकांना वळसा घालत, दुसऱ्या बाजूने चादरी वर करून बाहेर गेली.

"हात पुसलेत का रे मेल्यांनो!" सासूबाई सवयीने ओरडल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

बाईंना हसू आलं. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. मुलं गेली त्या बाजूला त्या बघत राहिल्या. "यांना दुसरी वाट आहे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. मोठ्या रस्त्याने जायचं तर खाणीला वळसा. ट्रक असतात तिथे."

झोळीतून चिंगी रडायला लागली. मी सासूबाईंच्या खांद्यावरची ओली चादर सोडवत होते. माझ्या आधी बाई पोचल्या. त्यांनी झोळीला झोका दिला, अगदी सवयीच्या हाताने. चिंगी गप्प झाली आणि त्यांच्याकडे टक लावून बघू लागली.

"केवढी झाली?"

"मान धरेल आता."

"ही इथेच असते दिवसभर?"

"आम्ही सगळेच इथे असतो."

बाईंनी मान हलवली. जाताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. ज्याला काही म्हणायचंय त्याने यायचं. तुम्ही या."

"मी काय म्हणणार, बाई? एकदा बोलले ते बघितलंत ना तुम्ही."

"तरी या."

त्या गेल्यावर सासूबाई बराच वेळ डब्यावर बसून होत्या. मामंजी काठी टेकत जवळ आले. मला वाटलं आता म्हणणार, मी सांगत होतो, गोल फिरलीय. ते म्हणाले, "चादरी कडक वाळल्यात. सिस्टरचं नाक बघ आता काय म्हणतंय."

सिस्टरचं नाक काही म्हणालं नाही. तिने चादर गालाला लावली म्हणे, आणि आत घेतली.

इकडे सासूबाईंनी सगळी दोरी सोडवली. भट्टीत घातली, सोड्याच्या पाण्यात उकळली, ओढ्यात खळबळली, आमच्या कुजक्या खांबांवर वाळवली. मग गुंडाळून तिची गोल चुंबळ केली. "दुसऱ्याची वस्तू वापरली. मळलेली कशी परत द्यायची?"

सुनावणीला आम्ही तिघी गेलो, त्या, मी आणि चिंगी. नगरपालिकेचा मोठा हॉल, वर पंखे, समोर लांब टेबलामागे बाई आणि इतर सभासद. भिंतीवर रंगीत चित्र लावलेलं. निळा तलाव, पांढऱ्या छत्र्या, हसणारी माणसं. चित्रात ओढा होता, पण आमची घरं नव्हती. त्या जागी झाडं काढली होती. गॉगलवाला चांगलं बोलला, हे मला मान्य करावं लागेल. रोजगार, पाहुणे, गावाचं नाव. तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. त्याला खरंच लाटा आवडत असाव्यात. लाटेबद्दल बोलताना त्याचा हात आपोआप वर जाऊन खाली यायचा.

मग सासूबाईंना बोलावलं. त्या टेबलापर्यंत गेल्या, पिशवीतून दोरीची चुंबळ काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही तुमची दोरी. चुकून वापरली. धुऊन आणलीय."

हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं. सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्या मागे फिरल्या नाहीत.

"आणखी काही म्हणायचंय, मावशी?" बाईंनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चिंगीला सासूबाईंकडे दिलं आणि पुढे झाले.  घरून पाठ करून आणलेलं सगळं गेलं डोक्यातून.

"त्या दोरीने आमचं काम वाचलं," मी म्हणाले. "एक दिवस तुमची दोरी आणि तुमचा माळ मिळाला, म्हणून दवाखान्याने काम ठेवलं. त्याचे आभार मानायचे होते. लाटा आणू नका असं मी म्हणत नाही. मी कधी लाट बघितली नाही, माझ्या लेकीला बघायला मिळाली तर बरंच आहे. पण खाण आहे ना शेजारी. बोर्ड तिथेच लावलाय तुम्ही. आम्हाला वाटलं होतं, तिथेच होणार. माळ गेला तर आम्हाला वाळत घालायला दुसरी जागा नाही. एवढंच."

मी मागे येऊन बसले. मागे चिंगी सासूबाईंच्या पदराची किनार चोखत होती.

पिकल्या केसांचा माणूस माइककडे वाकला. "मी त्या दिवशी आत उभा होतो," तो म्हणाला. "आधी कागदावर पसंती दिली होती मी. आता देता येणार नाही." त्याने गॉगलवाल्याला विचारलं, "खाणीत का नाही?"

"खर्च वाढतो. खडक फोडायला लागतो."

"पण होतं?"

गॉगलवाला चित्राकडे बघत राहिला. "होतं," तो म्हणाला.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढे कित्येक दिवस ह्यांनी वॉर्डाच्या कचेरीवरून गाडी वळवून न्यायची आणि आम्ही त्यांचं तोंड बघायचं, असं चाललं. शेवटी एकदा ते गाडी चढावर ढकलत येतानाच हसत होते. नकाशा बदलून आणायला सांगितलं होतं. तलाव खाणीत. वरचा माळ मोकळा ठेवायचा, मुलांची वाट ठेवायची. माळाची खाणीकडची खालची पट्टी मात्र गाड्या उभ्या करायला जाणार. तिथे दुपारचं ऊन चांगलं असतं. मामंजी म्हणाले, "जाऊ दे. अख्खा जात होता."

काही दिवसांनी गॉगलवाला खाणीची मापं घ्यायला आला तेव्हा वाकडी वाट करून आमच्या दगडापाशी आला. आज गॉगल डोक्यावर होता. त्याच्या हातात ती चुंबळ.

"ऑफिसात सगळे विचारतात, दोरीला वास कसला येतोय एवढा चांगला," तो म्हणाला. "मावशी, ठेवा तुम्हीच. मापाला मी दुसरी आणली."

"फुकट नको," सासूबाई म्हणाल्या.

"फुकट नाही. तलाव झाला की टॉवेल निघतील. ढीगभर. मशीनवाल्यांकडे द्यायचे नाहीत माझ्या मनात."

"आधी तलाव तर होऊ दे," मामंजी भट्टीजवळून म्हणाले. "समुद्राला म्हणावं, सावकाश ये. आमची घाई नाही."

तो हसला. या वेळी आम्हीही हसलो.

ह्यांनी माळावर नवे खांब रोवले. एक कमी पडला, म्हणून दगडाशेजारचा आकड्याचा खांब उपटून वर नेला. दोरी सरळ बांधली, मामंजींच्या समाधानासाठी. खाली सासूबाई पहिली चादर ओढ्यातून काढून उभ्या राहिल्या. सवयीने खांबाकडे वळल्या. तिथे नुसती भोकाची ओली माती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झोळीकडे बघितलं. चिंगी झोळीच्या काठावरून मान उचलून आमच्याकडे बघत होती, डुगडुगती, पण उचललेली.

"पोटात दुखतं का अजून?"

"नाही, आई."

"खरं सांग."

"खरंच नाही."

त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर. आणि हळू."

मी डावीकडे फिरवलं, त्यांनी उजवीकडे. चादर आमच्यामध्ये घट्ट होत गेली, पाणी दगडावर, आमच्या पायांवर पडत राहिलं. त्यांच्या मानेची शीर आज वर आली नाही.